घर मिळाले, गाव मिळायचे आहे

शाळांच्या वार्षिक परीक्षा संपल्या की मुंबईतील अनेक मराठी घरांत सामानाची बांधाबांध सुरू होते. गिरगाव, लालबाग, परळ, दादर येथील चाळींतून आणि जुन्या इमारतींतून निघालेले टेम्पो कल्याणच्या पलीकडे जातात आणि अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा अशा गावांतील नव्या संकुलांसमोर थांबतात. अक्षय्य तृतीयेच्या आसपास वास्तुशांत होते, जूनमध्ये मुले नव्या शाळेत जाऊ लागतात. घरातील कर्ती माणसे मात्र जुन्याच कचेरीत, जुन्याच वेळेला हजर होतात. घर पन्नास-साठ किलोमीटर सरकलेले असते. नोकरी जागची हललेली नसते. या दोहोंमधील अंतराचे मोल नेमके कोण चुकवते, याचा विचार घर घेताना होत नाही आणि नगरे आखणारेही तो करीत नाहीत.

हे स्थलांतर किती मोठे आहे, याची साक्ष जनगणनेतच आहे. २००१ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मूळ मुंबईची लोकसंख्या सुमारे ३३.४ लाख होती. २०११ मध्ये ती ३०.८५ लाखांवर आली. दहा वर्षांत अडीच लाख माणसे घटली. त्याच दहा वर्षांत तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेली. बदलापूर २००१ मध्ये लाखाच्या आत होते, ते २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात पोहोचले. त्यानंतर तेथे उठलेले मजले पाहिले, तर आजच्या लोकसंख्येची कल्पना करण्यास आकड्यांची गरज उरत नाही.

या घटनेकडे केवळ हळहळीने पाहण्याची एक सवय मराठी मनाला लागली आहे. ‘मराठी माणूस मुंबईबाहेर फेकला गेला’ हे वाक्य व्यासपीठावर टाळी घेते. पण ते अर्धेच सत्य सांगते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरवली आणि चाळी जीर्ण झाल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यातील बहुतेकांच्या हातचे काम कायमचे गेले. या साऱ्यात अन्याय होता, शासनाचा नाकर्तेपणा होता. परंतु त्याचबरोबर एका खोलीत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबाने केलेला हिशेबही होता. पगडीची खोली सोडून आलेल्या पैशांत दोन भावांची दोन स्वतंत्र घरे होतात, गॅलरीच्या टोकाचे सामायिक शौचालय सुटते, मुलीला अभ्यासासाठी दार लावून घेता येईल अशी खोली मिळते. ज्या गृहिणीने वीस वर्षे मोरीतच भांडी, कपडे आणि आंघोळी उरकल्या, तिला या निर्णयाबद्दल कोणी सहानुभूती दाखवू लागले तर ती हसेल. घर घेणारा चुकला नाही. चुकले ते पुढे.

हे पुढचे समजण्यासाठी डोंबिवलीकडे पाहावे लागते. मुंबईपासून ४८ किलोमीटरवरील या गावाची, येथे माणसे केवळ झोपायला येतात, अशी थट्टा एके काळी सर्रास होत असे. चाकरमान्यांचे गाव हीच तिची ओळख होती. तरीही त्याच चाकरमान्यांनी तेथे शाळा उभारल्या, नागरी सहकारी बँक काढली, वाचनालये चालवली, प्रवासी संघटना बांधल्या. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक या गावात राहिले आणि गावाचे होऊन राहिले. १९९९ मध्ये गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने गुढीपाडव्याची स्वागतयात्रा तेथे निघाली आणि पाहता पाहता ती प्रथा महाराष्ट्रातील गावोगावी पोहोचली. २०१७ मध्ये नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावाने भरवले. दिवसभर गावाबाहेर असणाऱ्या माणसांनी हे केले, हे विशेष. रस्ते, नाले आणि अनधिकृत बांधकामे यांच्या बाबतीत मात्र तेच सुशिक्षित गाव हतबल ठरले, हेही प्रांजळपणे नोंदवायला हवे. संस्था उभारणाऱ्यांनी नगरपालिकेची पायरी चढणे कमीपणाचे मानले आणि ती जागा ज्यांना हवी होती त्यांनी घेतली.

डोंबिवलीच्या त्या पिढीला जे जमले, ते आज बदलापूरला येणाऱ्या पिढीला जमेल का? त्या पिढीपाशी असलेली एक गोष्ट या पिढीपाशी फार थोडी उरली आहे. ती म्हणजे वेळ. बदलापूर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटरवर आहे. घर ते स्थानक रिक्षा, फलाटावरील प्रतीक्षा, लोकल आणि पुन्हा बस किंवा पायपीट असे धरले, तर एका वेळचे दोन तास सहज जातात. दिवसाचे चार तास आणि वर्षाचे २८० कामाचे दिवस धरले, तर हिशेब अकराशे वीस तासांचा होतो. म्हणजे वर्षातील सेहेचाळीसहून अधिक अहोरात्र केवळ जाण्यायेण्यात संपतात. तीस वर्षांच्या नोकरीत जवळजवळ चार वर्षे! घराच्या किमतीत ही चार वर्षे कोणी धरत नाही.

या चार वर्षांची वजाबाकी कुठून होते, तेही पाहण्यासारखे आहे. पहाटे निघालेला बाप रात्री परततो तेव्हा मूल झोपलेले असते. नोकरी करणारी आई लोकलमध्येच भाजी निवडते. गावाकडून किंवा चाळीतून आणलेले आजी-आजोबा सातव्या मजल्यावर बंद दाराआड दिवस काढतात. चाळीत त्यांना हाक मारायला वीस दारे होती. येथे लिफ्टमध्ये भेटणाऱ्याचे आडनावही ठाऊक नसते. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला गणसंख्या भरत नाही; त्यामुळे जमिनीचे अभिहस्तांतरण रखडते आणि इमारत रहिवाशांची असली तरी जमीन बिल्डरच्या नावावर राहते. मतदारयादीत नाव अजून लालबागचे असते. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत २०२० मध्ये संपली आणि पुढची काही वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. आपल्या प्रभागाला नगरसेवक नाही, हे कित्येक सुशिक्षित कुटुंबांच्या लक्षातही आले नाही. ज्याला दिवसाचे चार तास गर्दीत उभे राहायचे आहे, त्याच्याकडून आणखी कशाची अपेक्षा करायची?

म्हणूनच पहिला दोष नागरिकाकडे जात नाही, तो नियोजनाकडे जातो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन लोकल परस्परांजवळून जात असताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि किमान चार जणांना प्राण गमवावे लागले. चौकशा झाल्या, नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारे बसवण्याची घोषणा झाली. ती आवश्यकच आहे. परंतु माणसे दारात का लटकतात, याचे उत्तर दारात सापडत नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर अलीकडच्या वर्षांत दरसाल दोन हजारांहून अधिक माणसे विविध कारणांनी मृत्युमुखी पडली आहेत. ठाणे-दिवा दरम्यानच्या पाचव्या व सहाव्या मार्गिकेसाठी २०२२ साल उजाडावे लागले. कल्याण-बदलापूर टप्प्यात लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या त्याच दोन रुळांवरून धावत असताना तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला मंजुरी मिळाली ती २०१९ मध्ये. तोवर रुळांच्या दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहून भरलेल्या होत्या. इमारतीला परवानगी देणारी संस्था एक, रेल्वे चालवणारी दुसरी आणि दोघींपैकी कोणीही दुसरीला विचारीत नाही. पाचशे सदनिकांच्या संकुलाला मंजुरी देताना त्यातील सातशे माणसे सकाळी कोणत्या गाडीत चढणार, हा प्रश्न परवानगीच्या कागदावर यायला हवा.

मूळ प्रश्न त्याही मागे आहे. १९६०च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नव्या शहराची कल्पना मांडली, तेव्हा तिचा गाभा घरे हा नव्हता. काम हा होता. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबई वसली. पण राज्याचा कारभार खाडीपलीकडे जावा ही अपेक्षा अपुरीच राहिली. मंत्रालय आणि विधानभवन नरिमन पॉइंटलाच राहिले. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले, तेही बेटाच्या उंबरठ्यावरच. घरे उत्तरेला आणि पूर्वेला पसरत गेली, काम दक्षिणेला आणि मध्याला साचत गेले. कल्याणच्या पलीकडे घरे देणाऱ्या शासनाने आपल्याच काही कचेऱ्या तिकडे नेल्या, तर खाजगी क्षेत्राला निराळा उपदेश करावा लागणार नाही.

घर घेणाऱ्यांनी स्वतः सावध राहावे, अशाही काही गोष्टी आहेत. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी परिसरात पाण्यात अडकली. सुमारे एक हजार प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. नदीकाठच्या संकुलाच्या जाहिरातीत नदी दिसते, तिची पूररेषा दिसत नाही. ती खरेदीपूर्वी तपासणे आपल्याच हाती आहे. डोंबिवली परिसरातील ६५ इमारती महारेराची नोंदणी बनावट कागदपत्रांवर मिळवून उभ्या राहिल्याचे उघड झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. त्यात कर्ज काढून राहायला आलेली मध्यमवर्गीय कुटुंबे होती. मुहूर्त पाहण्याआधी सातबारा, बांधकाम परवानगी आणि नोंदणी क्रमांक पाहावा, एवढा बोध यातून घ्यायलाच हवा.

आणखी एक बाब फारशी बोलली जात नाही. आपण ज्याला ‘नवे गाव’ म्हणतो, ते नवे नसते. कुळगाव, कात्रप, मांजर्ली, बेलवली ही बदलापूरची नावे इमारतींच्या आधीची आहेत. आगरी, कुणबी, कातकरी, ठाकूर समाज तेथे पिढ्यान् पिढ्या राहत आला आहे. बारवी धरणासाठी ज्यांनी घरे-शेते दिली, ती माणसे याच पंचक्रोशीतील. मुंबईहून आलेला सुशिक्षित माणूस त्यांना ‘लोकल लोक’ म्हणून बाजूला ठेवतो आणि तेही त्याला ‘बिल्डिंगवाले’ म्हणून परके मानतात. गावदेवीच्या जत्रेला संकुलातील माणूस फिरकत नाही आणि संकुलातील गणपतीला गावातील कोणी बोलावले जात नाही. समाज एक आहे असे सांगणाऱ्यांनी या दोन वस्त्यांमधील शंभर पावलांचे अंतर आधी चालायला हवे. कातकरी वाडीतील मुले आणि संकुलातील मुले एका मैदानावर खेळू लागली, तर पुष्कळ भाषणांचे काम आपोआप होईल.

कार्यकर्त्यांनी नेमके येथे लक्ष घालावे. नव्या संकुलात कुटुंब राहायला आले की पहिल्या वर्षात चार गोष्टी व्हाव्यात, असा आग्रह धरता येईल. मतदारयादीतील नाव नव्या पत्त्यावर यावे. गृहनिर्माण संस्थेची सभा कोणीही चुकवू नये. जवळच्या वाचनालयाचे सभासदत्व घ्यावे आणि वाचनालय नसेल तर दोन कपाटांचे का होईना, सुरू करावे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये सुरू झाले, तेव्हा ते गाव आजच्या बदलापूरहून कितीतरी लहान होते. चौथे म्हणजे, दिवसभर घरी असणाऱ्या ज्येष्ठांची आणि शाळेतून परतणाऱ्या मुलांची सांगड घालावी. निवृत्त शिक्षक, बँकेतील माजी अधिकारी, परिचारिका प्रत्येक संकुलात असतात. दुपारचे तीन तास त्यांनी मुलांना दिले, तर एकाकीपणाचे आणि अभ्यासाचे असे दोन प्रश्न एकाच सतरंजीवर सुटू शकतात. दुपारी गावात असणारी ही दोनच पिढ्यांची माणसे आहेत, तेव्हा गाव घडवण्याचा आरंभ त्यांच्यापासूनच होणे स्वाभाविक आहे.

चाळीत शेजार आयता मिळत होता, कारण भिंती पातळ होत्या. नव्या घराच्या भिंती जाड आहेत, तेथे शेजार कमवावा लागेल. डोंबिवलीने हे एकदा करून दाखवले आहे. कल्याणपलीकडच्या गावांना ते अधिक कठीण परिस्थितीत, कमी वेळात करायचे आहे. शासनाने रूळ आणि रोजगार पुढे सरकवले तर त्यांच्या हाती दिवसाचा एखादा तास परत येईल. तो येईपर्यंत रविवार तरी आपला आहे. तेवढ्यापासून सुरुवात करायला कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही.