उरलेल्यांचे विजेतेपद

अमेरिकेतील सेंट लुईस शहरात १ ऑक्टोबर १९४४ च्या रविवारी स्पोर्ट्‌समन्स पार्क हे बेसबॉलचे मैदान ३५ हजारांवर प्रेक्षकांनी खच्चून भरले होते. यजमान संघ ‘सेंट लुईस ब्राउन्स’ होता म्हणूनच या गर्दीचे अप्रूप. याच संघाचे १९३५ मधले घरचे सगळे सामने मिळून अवघ्या ८०,९२२ लोकांनी पाहिले होते. १९०२ पासून सेंट लुईसमध्ये खेळणाऱ्या या संघाला अमेरिकन लीग एकदाही जिंकता आली नव्हती. त्या दिवशी ब्राउन्सने न्यूयॉर्क यांकीजना ५-२ असे हरवून ती जिंकली. पुढे कधीच जिंकली नाही. आज त्या विजयाची आठवण काढायची ती तो दुर्मीळ होता म्हणून नव्हे. त्याच्यावर मारला गेलेला ‘युद्धकाळातला’ हा शिक्का तपासून पाहण्यासाठी.

खरे तर ब्राउन्स सेंट लुईसमधून गाशाच गुंडाळणार होते. संघ लॉस एंजेलिसला हलवण्याचा प्रस्ताव डिसेंबर १९४१ च्या बैठकीत मांडायचा होता. त्याआधीच ७ तारखेला पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि बेत बारगळला. देश युद्धात उतरला असताना बेसबॉल खेळावे का, हा प्रश्न बेसबॉलचे आयुक्त न्यायमूर्ती लँडिस यांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे नेला. १५ जानेवारी १९४२ च्या उत्तरात रूझवेल्ट यांनी सांगितले की, लोकांना आता जास्त तास राबावे लागणार आहे, तेव्हा चार घटका करमणूकही हवी. लष्करी वयाच्या खेळाडूंनी मात्र खुशाल भरती व्हावे, आणि कामगारांना येता यावे म्हणून रात्रीचे सामने वाढवावेत.

झालेही तसेच. बॉब फेलर, टेड विल्यम्स, जो डिमॅजिओ हे बिनीचे खेळाडू गणवेशात गेले. मागे उरले ते वय झालेले, कोवळे आणि लष्करी वैद्यकीय तपासणीत ‘फोर-एफ’, म्हणजे अपात्र, ठरलेले. १९४४ च्या जूनमध्ये सिनसिनाटीने जो नक्सहॉल या १५ वर्षांच्या पोराच्या हाती चेंडू दिला. ब्राउन्सचा भरवसा तर फोर-एफवाल्यांवरच होता. तरीही त्यांनी हंगामाचे पहिले नऊ सामने ओळीने जिंकले. शेवटचा दिवस उजाडला तेव्हा ते आणि डेट्रॉईट टायगर्स बरोबरीत होते.

त्या दिवशी चेंडूफेकीला उभा राहिला सिग जॅकुकी. १९३६ नंतर तो थेट १९४४ मध्येच मोठ्या लीगमध्ये परतला होता. यांकीजनी २-० अशी आघाडी घेतली. मग फलंदाजीला आला चेट लाब्स. युद्धसामग्रीच्या कारखान्यात काम करून तो जमेल तसे सामने खेळत असे. त्याने चौथ्या डावात चेंडू मैदानाबाहेर भिरकावून बरोबरी साधली आणि पाचव्या डावात तेच पुन्हा करून संघाला पुढे नेले. हंगामभरातले त्याचे होमरन पाच. त्यांतले दोन या एका दुपारी. तिकडे डेट्रॉईट वॉशिंग्टनकडून हरले. ८९ विजय आणि ६५ पराभव या हिशेबावर ब्राउन्स एका सामन्याने पुढे राहिले.

वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेत गाठ पडली सेंट लुईसच्याच कार्डिनल्सशी. मैदान दोघांचे एकच. घरटंचाईमुळे दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांनी राहायला एकच घर घेतले होते. एकाचा संघ गावात असला की दुसऱ्याचा दौऱ्यावर, त्यामुळे हे जमत असे. आता पंचाईत झाली. ब्राउन्सच्या क्षेत्ररक्षकांनी सहा सामन्यांत दहा चुका केल्या, कार्डिनल्सनी एक. मालिका ४-२ अशी गेली.

यावर जाणकारांनी नाक मुरडले : वासरांत लंगडी गाय शहाणी. आम्हाला हे मान्य नाही. उरलेल्या माणसांनिशी खेळणे सर्वांच्याच नशिबी आले होते. त्या उरलेल्यांतून संघ बांधणे, १५४ सामने तग धरणे आणि अखेरच्या चार सामन्यांत आदल्या वर्षीच्या जगज्जेत्या यांकीजना चारही वेळा हरवणे, हे फुकटात मिळत नाही. त्या विजेतेपदात खोट नव्हती. खोट होती ती ‘उरलेले कोण’ हे ठरवणाऱ्यांच्या नजरेत.

१९४५ मध्ये ब्राउन्सने पीट ग्रे याला घेतले. लहानपणीच्या अपघातात त्याचा उजवा हात गेला होता. डाव्या हाताने चेंडू झेलायचा, हातमोजा थोट्या खांद्याखाली दाबायचा आणि त्याच हाताने चेंडू फेकायचा, हे तो क्षणार्धात करी. तो ७७ सामने खेळला. आदल्या वर्षी दुय्यम लीगमध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, म्हणजे ही जागा त्याने कमावलेली होती. पण एक हात नसलेल्याला संधी देणाऱ्या या लीगला सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन दिसले नाहीत, कारण ते कृष्णवर्णीय होते. स्पोर्ट्‌समन्स पार्कमध्ये तर १९४४ पर्यंत कृष्णवर्णीय प्रेक्षकांना उजवीकडच्या पॅव्हेलियनमध्येच बसावे लागे. वंशश्रेष्ठत्वाच्या विकृतीशी युरोपात लढणाऱ्या देशाला घरच्या मैदानावरील ही भिंत खुपत नव्हती. माणसांचा दुष्काळ पडला तरी ती उभीच राहिली.

१९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने ती भिंत ओलांडली. त्याच जुलैत ब्राउन्सने हँक थॉम्पसन आणि विलार्ड ब्राउन या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना करारबद्ध केले. दोघेही युद्धात युरोपात सैनिक होते. महिनाभराने दोघांनाही काढून टाकले. सात वर्षांत ब्राउन्सनी शहरही सोडले. बाल्टिमोरला जाऊन ते ओरिओल्स झाले. विलार्ड ब्राउनला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले ते २००६ साली. तेव्हा त्याला जाऊन दहा वर्षे झाली होती.