दुकानाची किल्ली कोणाच्या खिशात?

५ मार्च २०२४ रोजी रात्री नऊच्या सुमारास जगभरातील असंख्य लोक आपापल्या फेसबुक खात्यातून एकाएकी बाहेर फेकले गेले. पुन्हा आत जायला पासवर्ड मागितला जाई आणि खरा पासवर्ड टाकला तरी तो चुकीचा असल्याचे उत्तर येई. इन्स्टाग्रामही अडले होते. सुमारे दोन तासांनी सारे पूर्ववत झाले. बिघाड कंपनीच्या यंत्रणेत होता, खातेदारांचा त्यात काही दोष नव्हता. परंतु त्या रात्रीने एक प्रश्न आपल्यापुढे ठेवला. आपल्या बाजारपेठेत ज्यांचा माल या खात्यांवर दाखवला जातो, ज्यांच्या ऑर्डरी तेथून येतात, त्यांच्यापैकी कितीजणांना स्वतःच्या खात्याचा पासवर्ड ठाऊक आहे?

फोनमध्ये एकदा खाते उघडले की ते वर्षानुवर्षे उघडेच राहते. पासवर्ड आठवण्याची वेळच येत नाही. फोन हरवला, पाण्यात पडला, बदलला की मग शोधाशोध सुरू होते. पासवर्ड विसरणे हा काही गुन्हा नव्हे. ज्याला दहा ठिकाणी दहा पासवर्ड ठेवावे लागतात तो एखादा विसरणारच. आमचे म्हणणे वेगळे आहे. पासवर्ड विसरल्याने खाते सहसा जात नाही. खाते जाते ते त्याची दुसरी किल्ली, म्हणजे नोंदवलेला मोबाइल नंबर आणि ईमेल, मालकाच्या हातात नसल्यामुळे.

सोलापूरच्या व्यापाऱ्याला नावाची किंमत सांगावी लागत नाही. हे शहर गिरणीच्या भोंग्यावर उठणारे. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग राहिले आणि त्यांच्या जोरावर सोलापुरी चादर व सोलापुरी टॉवेल यांचे नाव टिकले. या दोन्ही मालांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. गावाच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण प्रत्येक दुकानाचे, प्रत्येक पेढीचे जे स्वतःचे नाव असते, ते आज मोठ्या प्रमाणात फोनमधल्या खात्यावर उभे आहे. परगावचा ग्राहक दुकान पाहायला येत नाही. तो खात्यावरचे फोटो पाहतो, जुन्या ग्राहकांनी काय लिहिले आहे ते वाचतो, मग भाव विचारतो. पाच-सात वर्षांचे फोटो, ग्राहकांची ओळख आणि त्यांचे शब्द, हे सारे त्या खात्यात असते. नवे खाते पाच मिनिटांत निघते, पण ही साख पाच मिनिटांत उभी राहत नाही.

आता खाते परत मिळवायचे म्हणजे नेमके काय होते, ते समजून घेऊ. ‘पासवर्ड विसरलात का?’ या ओळीवर बोट ठेवले की कंपनीची यंत्रणा एकच गोष्ट तपासते: मागणारा माणूस खरा मालक आहे काय? तिला आपला चेहरा ठाऊक नाही, दुकान ठाऊक नाही, बाजारातली इभ्रत तर मुळीच ठाऊक नाही. तिला ठाऊक असतो तो खात्याला जोडलेला नंबर व ईमेल. त्यावर ती एक कोड पाठवते. कोड ज्याच्या हाती पडला तो मालक. त्याने नवा पासवर्ड टाकावा आणि आत जावे. नंबर चालू असला तर सारे काम चहा संपायच्या आत होते.

त्याहीपूर्वी एक सोपा उपाय करून पाहावा. पुष्कळदा पासवर्ड फोनमध्येच साठवलेला असतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये गुगलच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये तो सापडू शकतो; फोनचे लॉक उघडता आले की पुरे. शिवाय खाते परत मागताना ज्या फोनवर किंवा संगणकावर ते पूर्वी चालत असे, तोच वापरावा. ओळखीच्या यंत्रावरून आलेल्या मागणीवर कंपनीचा विश्वास लवकर बसतो. घाईघाईने चार निरनिराळ्या फोनांवरून प्रयत्न केले तर उलट संशय वाढतो.

खरी अडचण नंबर बंद असला म्हणजे सुरू होते. दुकानात दोन-तीन सिमकार्डे असतात, त्यातले एखादे रिचार्जविना पडून राहते. प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरले गेले नाही आणि त्यात शिल्लकही नसली तर कंपनी ते बंद करू शकते. कायमचा बंद झालेला नंबर पुढे किमान ९० दिवस दुसऱ्या कोणाला दिला जात नाही, त्यानंतर मात्र तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो. याचा अर्थ व्यापाऱ्यांनी नीट ध्यानात घ्यावा. आपल्या दुकानाच्या खात्याचा कोड उद्या एखाद्या परक्या माणसाच्या फोनवर जाऊ शकतो. तो माणूस भला असला तर आपले नशीब. थोड्या रिचार्जची काटकसर म्हणून नंबर सोडणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर तर नंबर हेच खाते. तेथे दोन पायऱ्यांच्या सुरक्षेसाठी सहा अंकी पिन ठेवता येतो आणि तो ठेवलाच पाहिजे. पण पिन ठेवताना ईमेल जोडला नाही आणि पिन विसरला, तर नव्या फोनवर खाते सुरू करायला सात दिवस थांबावे लागते. लग्नसराईतले सात दिवस म्हणजे काय, हे कापडवाल्यांना सांगायला नको.

इन्स्टाग्रामची गोष्ट आणखी न्यारी. ज्या खात्यावर मालकाचे स्वतःचे फोटो आहेत, त्याला चेहऱ्याचा व्हिडिओ काढून ओळख पटवण्याची सोय कंपनी देते. पण व्यापाऱ्याच्या खात्यावर चादरी असतात, टॉवेल असतात, शाळेचे गणवेश असतात. चेहरा कोठे असतो? अशा वेळी खाते काढताना दिलेला ईमेल, नंबर, कोणत्या फोनवरून खाते काढले, असे प्रश्न विचारले जातात. ज्याने ते खाते काढले तो मुलगा दोन वर्षांपूर्वी पुण्याला नोकरीला निघून गेला असेल, तर उत्तरे कोण देणार?

येथे मूळ दुखणे सापडते. पूर्वी मुनीम नोकरी सोडून जाई तेव्हा चोपड्या गादीवर राहत, तिजोरीच्या किल्ल्या मालकाच्या कमरेला राहत. आज फोनचे काम येते म्हणून एखाद्या तरुण नोकराला, भाच्याला किंवा ओळखीच्या मुलाला खाते काढायला सांगितले जाते. तो स्वतःचा नंबर टाकतो, स्वतःचा ईमेल टाकतो. त्यात त्याची लबाडी नसते, हाताशी असते ते तो टाकतो. पण तो गेला, किंवा भागीदारांत बिनसले, की दुकानाची किल्ली त्याच्याबरोबर जाते. नोकरावर अविश्वास दाखवा असे आम्ही म्हणत नाही. विश्वासाच्या माणसाकडेही अमानत लेखी असावी, एवढेच म्हणतो.

घरबसल्या शिवणकाम, भरतकाम करून कपडे विकणाऱ्या आमच्या भगिनींना तर याचा दुप्पट फटका बसतो. खाते त्यांचे, कष्ट त्यांचे, ग्राहक त्यांनी जोडलेले; पण सिमकार्ड भावाच्या किंवा नवऱ्याच्या नावावर. डुप्लिकेट सिम घ्यायचे तर ज्याच्या नावावर सिम आहे त्यालाच कागदपत्रे घेऊन जावे लागते. धंदा जिचा, नंबर तिच्याच नावावर असावा. कमावत्या बाईच्या धंद्याची किल्ली तिच्या हाती देण्यात घराचा कमीपणा नाही, घराचा फायदाच आहे.

खाते बंद पडले की माणूस घाबरतो आणि घाबरलेल्याला गाठणारे टपलेलेच असतात. इंटरनेटवर ‘फेसबुक कस्टमर केअर’ म्हणून शोधले की फोन नंबर मिळतात. व्यापारी बंधूंनी पक्के ध्यानात ठेवावे की पासवर्ड विसरलेल्या सामान्य खातेदाराला फोनवरून खाते उघडून देणारे कोणतेही कार्यालय फेसबुक चालवत नाही. पैसे घेऊन खाते सोडवून देतो म्हणणारा, कोड विचारणारा, फोनमध्ये एखादे अ‍ॅप टाकायला लावणारा माणूस खाते तर देत नाहीच, बँकेतली रक्कमही नेतो. फसवणूक झालीच तर लाजून घरी बसू नये. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब फोन करावा आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

कंपन्यांनाही आमचे काही सांगणे आहे. आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्या, मराठीत व्यवहार करणाऱ्या माणसाला खात्याचे बटण मराठीत किंवा उर्दूत दिसते, ही सोय आहे. पण अडचण आली की मदतीचा रस्ता पडद्यावरच्या ठरावीक प्रश्नांपाशी येऊन थांबतो. प्रश्न आपल्या अडचणीत बसला नाही तर पुढे दार नाही. जाहिरातीचे पैसे घेताना दुकान खरे आहे हे कंपनीला पटते. मग खाते परत देताना त्याच दुकानाची जीएसटी नोंदणी, दुकान परवाना, जाहिरातीच्या पावत्या का चालू नयेत? धंद्याच्या खात्यासाठी धंद्याची कागदपत्रे हा पुरावा मानावा आणि निर्णय माणसाने द्यावा, अशी आमची मागणी आहे.

कायद्याने थोडे दार उघडले आहे, त्याचा उपयोग करावा. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनी या कंपन्यांना भारतात तक्रार अधिकारी नेमणे भाग पाडले. तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत द्यावा, अशी मुदत त्या वेळी घालून दिली. त्या अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांच्या आत वर दाद मागण्यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये तक्रार अपील समित्या स्थापन केल्या. अपील ऑनलाइन करता येते. त्यासाठी मूळ तक्रारीची तारीख, पोच आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. बिलाची प्रत फाइलला लावणाऱ्या व्यापाऱ्याला हे अवघड नाही.

तथापि कायद्यावर आणि कंपनीवर सारे टाकून चालणार नाही. आपल्या हातातले काम आपणच केले पाहिजे. पहिले म्हणजे दुकानाच्या खात्यांसाठी एक स्वतंत्र नंबर व एक ईमेल मालकाच्या नावावर ठेवावा आणि तो नंबर कधीही बंद पडू देऊ नये. आपल्या नावावर कोणती सिमकार्डे आहेत, ते दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर पाहता येते. सिम हरवले तर त्याच नंबरचे दुसरे लगेच घ्यावे. मात्र नवे सिम सुरू झाल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात, म्हणून कोड आला नाही तर घाबरू नये. दुसरे म्हणजे फेसबुकच्या पेजवर एकाऐवजी दोन भरवशाच्या माणसांना पूर्ण ताबा द्यावा, म्हणजे एकाचे खाते अडले तरी पेज चालू राहते. पूर्ण ताबा असलेला माणूस दुसऱ्याला काढूही शकतो, म्हणून ही निवड भागीदार निवडावा तितक्याच विचाराने करावी. तिसरे म्हणजे दोन पायऱ्यांची सुरक्षा सुरू करून मिळणारे राखीव कोड कागदावर उतरवावेत आणि तिजोरीत ठेवावेत. पासवर्डही त्याच कागदावर असू द्यावा. दुकानाचे नाव आणि पुढे ७८६ किंवा १२३ असा पासवर्ड ठेवणाऱ्याने आपली किल्ली उंबऱ्यावर ठेवली आहे असे समजावे. चोर प्रथम तेथेच हात घालतो. चौथे म्हणजे भागीदारीच्या करारात गाळा, माल, येणे-देणे यांच्या यादीत ही खातीही लिहावीत आणि भागीदारी मोडली तर ती कोणाकडे राहतील ते आधीच ठरवावे.

आमची शेवटची सूचना शहरातल्या व्यापारी संघटनांना आहे. विक्रीकर असो, जीएसटी असो, नवा कायदा आला की संघटना शिबिर घेतात, फॉर्म भरून देतात. याच धर्तीवर दर महिन्याला एक दिवस दुकानांच्या खात्यांची तपासणी ठेवावी. नंबर कोणाचा, ईमेल कोणाचा, राखीव कोड आहेत की नाहीत, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुरे. कॉलेजात शिकणारी आपलीच मुले हे काम आनंदाने करतील. खाते गेल्यावर त्यांना धावपळ करायला लावण्यापेक्षा खाते असताना अर्धा तास बसवणे स्वस्त पडेल.

एक दुकान खात्याबाहेर राहिले तर नुकसान त्या दुकानापुरते थांबत नाही. त्याच्यासाठी माग चालवणारा विणकर, शिलाई करणारी बाई, गठ्ठे बांधणारा हमाल यांचेही काम थांबते. एवढ्या जणांची रोजी ज्या खात्यावर चालते, त्याची किल्ली कोणाच्या खिशात आहे, हे प्रत्येक मालकाने आज दुकान वाढवण्यापूर्वी पाहून घ्यावे.