सीमोल्लंघन आणि प्राप्तिकर

कोकणातल्या घरातून आखाती देशाकडे नोकरीसाठी निघणाऱ्या मुलाचा प्रस्थानाचा दिवस कसा ठरतो, हे त्या भागाशी ज्यांचा संबंध आहे त्यांना सांगावयास नको. नेमणुकीचे पत्र ऑगस्टात हाती पडते. मालकाला फारशी घाई नसते. आई म्हणते, गणपती करून जा. गणपती आटोपतात तोच पितृपंधरवडा लागतो आणि त्यात नव्या कामासाठी घराबाहेर पडणे वडीलधाऱ्यांना रुचत नाही. अखेरीस दसरा उजाडतो, सोने वाटून होते आणि मुलगा सीमोल्लंघन करतो. मुसलमान घरांत कारणे निराळी असतील, बहिणीचा निकाह असेल वा आजीचे दुखणे असेल. दिवस ठरण्याची रीत मात्र हीच. या साऱ्या विचारविनिमयात एका पाहुण्याला कधीच बोलावले जात नाही. तो म्हणजे प्राप्तिकराचा कायदा. आणि न बोलावल्याचा राग तो पुढे सवडीने काढतो.

कायदा माणसाला विचारतो तो प्रश्न साधा आहे: या आर्थिक वर्षात तुम्ही भारतात किती दिवस होता? तुमचे नागरिकत्व कोणते, मन कोठे आहे, नोकरी कोठली, याला त्याच्या लेखी दुय्यम स्थान आहे. सर्वसाधारण नियमानुसार वर्षातील 182 दिवस भारतात काढणारा माणूस ‘निवासी’ ठरतो. आधीच्या चार वर्षांत मिळून 365 दिवस येथे काढले असतील, तर चालू वर्षातले 60 दिवसही पुरतात. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीय नागरिकाला मात्र त्या जाण्याच्या वर्षी या 60 दिवसांच्या कसोटीतून सूट आहे. त्याला 182 दिवसांचीच मर्यादा लागू होते. 1961 च्या कायद्यातील ही कसोटी, 1 एप्रिल 2026 ही अंमलाची तारीख असलेल्या 2025 च्या नव्या कायद्यातही कायम ठेवण्यात आली आहे. निवासी माणसाला जगाच्या पाठीवर कोठेही मिळालेल्या उत्पन्नावर येथे कर द्यावा लागतो. अनिवासी माणसाला फक्त भारतात मिळालेल्या किंवा भारतात उद्भवलेल्या उत्पन्नावर. सारा फरक या एका वाक्यात आहे.

दोन तारखांचा हिशेब

आता बोटे मोजू. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते. ऑगस्टअखेर 153 दिवस होतात. 28 सप्टेंबरला विमानात बसणाऱ्याचे, जाण्याचा दिवस धरूनही, 181 दिवस भरतात; तो त्या वर्षापुरता अनिवासी. 2025 साली दसरा 2 ऑक्टोबरला होता. तो साजरा करून 3 तारखेला निघालेल्याचे 186 दिवस भरले, तो निवासी.

या पाच दिवसांची किंमत किती? समजा, एका तरुणाचा येथील पगार दरमहा पन्नास हजार रुपये होता आणि आखातात त्याला दरमहा दोन लाख रुपयांइतका पगार मिळू लागला. हिशेबाच्या सोयीसाठी सहा महिने येथले आणि सहा महिने तेथले धरू. येथले उत्पन्न तीन लाख, तेथले बारा लाख. 28 सप्टेंबरला गेलेल्या तरुणाचे येथील करपात्र उत्पन्न केवळ तीन लाखांचे. चार लाखांपर्यंत कर नसल्याने त्याचे देणे शून्य. दसऱ्यानंतर गेलेल्याचे उत्पन्न मात्र पंधरा लाख धरले जाईल. त्यातून 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट गेली की 14 लाख 25 हजार उरतात. 2025 च्या अर्थसंकल्पाने ठरविलेल्या नव्या पद्धतीच्या दरांनी त्यावर कर होतो 93,750 रुपये आणि चार टक्के उपकर मिळवून 97,500 रुपये. आखातात पगारावर प्राप्तिकर नाही. त्यामुळे तेथे भरलेल्या कराची वजावट मागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दोघांची नोकरी एक, पगार एक, कष्ट तेच. एकाने घरी आपट्याची पाने वाटली, एवढाच त्याचा अपराध.

यातली अधिक गंभीर बाब पुढेच आहे. हा कर कोणीच कापून घेत नाही. येथील मालक आपल्या पगारापुरती कपात करतो, तेथील मालकाचा आपल्या प्राप्तिकर खात्याशी संबंध नाही. आगाऊ कर भरण्याची जबाबदारी त्या तरुणावर येते आणि तो तर वाळवंटातल्या एखाद्या बांधकामावर बारा-बारा तास राबत असतो. चुकलेल्या आगाऊ करावर दरमहा एक टक्का व्याज चढत राहते. निवासी म्हणून विवरणपत्रात तेथील बँक खात्याची माहितीही द्यावयाची असते, हेही त्याच्या गावी नसते.

बँकेचा न्याय आणखी वेगळा आहे. परकीय चलन व्यवस्थापनाचा 1999 चा कायदा दिवस मोजत बसत नाही. नोकरीसाठी माणूस देश सोडून गेला की त्या कायद्याच्या दृष्टीने तो लगेच अनिवासी होतो आणि त्याचे साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. म्हणजे 3 ऑक्टोबरला निघालेला आपला तरुण बँकेच्या लेखी परदेशस्थ आणि प्राप्तिकर अधिकाऱ्याच्या लेखी स्वदेशस्थ! एकाच सरकारचे दोन कायदे एकाच माणसाकडे पाहतात आणि त्यांना दोन माणसे दिसतात.

ब्रिटनसारख्या, पगारावर कर घेणाऱ्या देशात जाणाऱ्यांची स्थिती थोडी बरी असते. दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार तेथे उपयोगी पडतात आणि तेथे भरलेल्या कराची वजावट येथे मागता येते. तथापि ती आपोआप मिळत नाही. तेथे कर भरल्याचा पुरावा जोडून विहित नमुन्यात मागणी करावी लागते, आणि येथील कर अधिक असेल तर वरचा फरक भरावाच लागतो. शिवाय ब्रिटनचे करवर्ष 6 एप्रिलला सुरू होते, अमेरिकेचे 1 जानेवारीला. दोन देशांच्या वर्षांची अशी सांगड घालताना जाणकारांनाही घाम फुटतो.

निश्चिततेचे तत्त्व

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही ॲडम स्मिथची करविषयक तत्त्वे शिकवितो. 1776 च्या ग्रंथात त्याने समता, निश्चितता, सोय आणि काटकसर अशी चार तत्त्वे सांगितली. 182 दिवसांच्या नियमाच्या समर्थकांचे म्हणणे असे की, यापेक्षा निश्चित कसोटी दुसरी नाही. माणसाच्या हेतूचा शोध घेत बसलो तर वाद न्यायालयात जातील आणि लबाडांना वाटा मिळतील. हा युक्तिवाद दुबळा नाही. पारपत्रावरचा शिक्का खोटे बोलत नाही. पण ज्याला नियमच ठाऊक नाही त्याला निश्चिततेचा उपयोग काय? आणि समान उत्पन्नाच्या दोन माणसांपैकी एकावर शून्य व दुसऱ्यावर लाखाच्या घरात कर पडत असेल, तर समतेचे तत्त्व कोठे राहिले?

या प्रश्नाचे उत्तर नव्याने शोधण्याची गरज नाही. ब्रिटनने 2013 च्या वित्त कायद्याने निवासाची कसोटी कायद्यात लिहिली, आणि नोकरीसाठी देश सोडणाऱ्याच्या बाबतीत, ठरावीक अटी पुऱ्या होत असतील तर, वर्षाचे दोन भाग पाडण्याची सोय त्यात ठेवली. जाईपर्यंतच्या भागात तो निवासी, पुढच्या भागात अनिवासी. आपल्याकडेही नेमणुकीचे पत्र, कामाचा परवाना आणि पारपत्रावरील शिक्का या तीन पुराव्यांवर असे वर्ष-विभाजन सहज करता येईल. लबाडीची भीती असेल तर निदान पुढचे एक पूर्ण वर्ष परदेशात नोकरी केल्याची अट घालावी.

सरकारचा हेतू याविरुद्ध आहे असेही नाही. 2020 च्या अर्थसंकल्पात, अन्यत्र कर न देणाऱ्या भारतीय नागरिकाला निवासी मानण्याचा प्रस्ताव आला तेव्हा आखातात घबराट उडाली. प्रामाणिकपणे नोकरी करणाऱ्यांच्या तेथील कमाईवर कर बसविण्याचा उद्देश नाही, असा खुलासा सरकारने तातडीने केला आणि ती तरतूद पुढे भारतातील उत्पन्न पंधरा लाखांहून अधिक असणाऱ्यांपुरती मर्यादित केली. तो खुलासा त्या तरतुदीपुरता होता, हे खरे. पण जे तत्त्व तेथे मान्य केले, ते जाण्याच्या वर्षी मात्र 182 व्या दिवशी संपते, यात सुसंगती कोणती?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर एक काम बिनखर्चाचे आहे. परदेशी निघणाऱ्या कामगारांसाठी सरकार प्रस्थानपूर्व मार्गदर्शनाचे वर्ग चालविते. त्यात प्राप्तिकरावर एक पान मराठीत, साध्या भाषेत द्यावे: दिवस मोजा, पारपत्राच्या प्रती जपून ठेवा, बँकेला कळवा, आणि सप्टेंबरअखेरच्या आसपास निघत असाल तर तारीख ठरविण्यापूर्वी विचारा. महाविद्यालयांनीही शेवटच्या वर्षाच्या मुलांना हे सांगावयास हरकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2023-24 च्या पाहणीनुसार परदेशांतून भारतात येणाऱ्या पैशांपैकी सुमारे एक-पंचमांश वाटा महाराष्ट्राचा आहे. इतका पैसा पाठविणाऱ्यांना एक पान देणे राज्याला जड जाऊ नये.

मुलाने गणपतीला थांबावे की दसऱ्याला, हे आईने ठरवावे. तो तिचाच अधिकार आहे. मात्र तो बजावताना थांबण्याचे मोल काय पडणार, हे तिला आधी कळले पाहिजे. तो हिशेब तिला सांगण्याचे काम आपण, शिकल्यासवरलेल्यांनी, आजवर केलेले नाही.