पाण्याची परीक्षा

इंजिनियर कोण? डिग्रीवाला, असे तुम्ही म्हणाल. मग हे ऐका.

ओमानमधल्या रुस्ताकला 'फलज अल-मुयस्सर' आहे. आपल्या कोकणातल्या वाडीच्या पाटासारखाच, पण जमिनीखालचे पाणी आणणारा. पंप नाही, नुसता उतार. उतार जास्त झाला की पाणी काठ खाते, कमी पडला की गाळ साचतो. २००६ साली युनेस्कोने ओमानचे असे पाच फलज जागतिक वारशात घेतले.

आपल्या येरुशलेममधला हिज्कीया राजाचा बोगदा तसाच: सुमारे ५३३ मीटर, दोन्ही टोकांकडून खणलेला, उतार जेमतेम फूटभर!

आम्ही सलाईनची बाटली उंच टांगत असू, तत्त्व तेच. सर्टिफिकेट भिंतीवर, हात मात्र पेशंटजवळ. डिग्री जरूर मिळवा. पण बिनकागदाच्या कारागिराला कमी लेखू नका. पाणी कागद वाचत नाही, काम वाचते.