मृत्तिकेचे मांगल्य

मराठीच्या प्राध्यापकाने कोणाला व्यापाराचा सल्ला देऊ नये, हे मला गेल्या दिवाळीत पटले. आमच्या माधवनगरात गल्लीच्या टोकाला एक कुंभारमामा राहतात. दसरा झाला की त्यांच्या ओट्यावर पणत्या, बोळकी आणि किल्ल्यावरचे मावळे मांडले जातात. गेल्या वर्षी मात्र मामा म्हणाले, "सर, ही शेवटची दिवाळी. माळंच्या दिव्यांपुढं पणती कोण घेतंय? पोरगं म्हणतंय, चाक इकून टाकू."

मला राहवेना. जाहिरातीची परंपरा आमच्या जिल्ह्याला नवी नाही. किर्लोस्करवाडीच्या नांगराच्या कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढले आणि त्याचेच पुढे घरोघर वाचले जाणारे मासिक झाले. फार कशाला, काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तोही सणाचा मुहूर्त साधूनच! तेव्हा मी एक फळी रंगवून आणली : 'मृत्तिकेचे मांगल्य, प्रकाशाचे सौंदर्य! दोन डझनांवर अर्धा डझन मोफत!'

पहिल्याच दिवशी एका मुलाने विचारले, "मृत्तिका कोण? मामांची नात का?" आणि एक बाई म्हणाल्या, "फुकट द्यायला परवडतंय, तर मग भावच कमी करा की!"

शेवटी मामींनी सूत्रे हाती घेतली. शाळांना सुटी लागताच त्यांनी मामांचे चाक परड्यातून काढून रस्त्याकडे मांडायला लावले. पोरे जमली. प्रत्येकाने एकेक ओली पणती हातात घेऊन काडीने तिच्यावर आपले नाव कोरायचे आणि भट्टी निघाली की वसुबारसेला आईबरोबर येऊन ती न्यायची. आता एकच पणती घेऊन परतणारी आई मी तरी पाहिली नाही! मावळे सुटे विकणेही त्यांनी बंद केले. महाराज, चार मावळे, तोफ, वाघ आणि गवळण असा किल्ल्याचा सारा सरंजाम एका टोपलीत. शिवाय प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत, "रातभर पाण्यात भिजवून ठेवा, म्हंजी पणती त्याल पीत न्हाई." ज्याचे तेल वाचले, तो पुढच्या वर्षी दुसरीकडे कशाला जाईल?

या उद्योगात माझा वाटा एवढाच, की 'माधवनगरात हाताने घडवलेली' अशा चिठ्ठ्या मी लिहून दिल्या. ही युक्तीही माझी नव्हे, शेजारच्या मिरजेची. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले; पण त्याच्या कितीतरी आधीपासून गवई 'मिरजेचा तंबोरा' असे नाव घेऊनच तो मागत आले आहेत. वस्तूला गाव असले, की तिची किंमत नुसत्या डझनावर ठरत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ओटा रिकामा होता. मामा काही लक्षाधीश झाले नाहीत. भट्टीचा खर्च निघाला, वर चार पैसे उरले आणि मुलाने दोन दिवस चिखल तुडवला, एवढेच. "चाक इकायचं पुढल्या साली बघू," मामा म्हणाले.

ते पुढले साल आता आले आहे आणि चाक पुन्हा रस्त्याकडे आले आहे. वाचकहो, तुमच्याही गल्लीच्या टोकाला असा एखादा ओटा असेल. तिथे मुलांना घेऊन जा आणि डझनामागे दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका.

माझी फळी? ती मामींनी टाकून दिलेली नाही. ओल्या मातीला ऊन लागू नये म्हणून ती तिच्यावर झाकण घालतात. मृत्तिकेचे मांगल्य शेवटी मृत्तिकेच्याच उपयोगी पडले!