डोळ्यांतले तेल आणि विहिरीचे झाकण

आंबेगाव तालुक्यातील थोरांदळे येथे २० फेब्रुवारी २०१९ रोजी सायंकाळी ६ वर्षांचा एक मुलगा खेळता खेळता उघड्या विंधनविहिरीत पडला. विहीर सुमारे २०० फूट खोल. मूल दैवयोगाने १० फुटांच्या आसपास अडकले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी रात्रभर खपून सुमारे १६ तासांनी त्याला जिवंत वर काढले. सर्वांनी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि प्रसंग तेथेच संपला. परंतु दैव दर वेळी असे उदार नसते. मार्च २०२३ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील कोपर्डी येथे ऊसतोड मजुराचे ५ वर्षांचे मूल अशाच विहिरीत पडले. ते वाचले नाही.

अशी दुर्घटना घडली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : आईचे लक्ष कोठे होते? हा प्रश्न विचारणे सोपे आहे, कारण तो विचारणाऱ्यावर कसलीच जबाबदारी येत नाही. अवसरी बुद्रुक किंवा मंचरच्या आसपासचे कोणतेही बागायती गाव घ्यावे. डिंभे धरणाच्या पाण्याने या भागात ऊस आला, बारमाही पिके आली, आणि त्याबरोबर बाईच्या वाट्याला बारमाही कामही आले. पहाटे गोठा, मग चूल, मग खुरपणी. वस्तीवरच्या घराला कुंपण नसते. अंगण जेथे संपते तेथेच शेत सुरू होते. या घरातले मूल सातव्या-आठव्या महिन्यात रांगू लागले, की त्याच्यासमोर हौद, बादली, चुलीवरून उतरवलेले आंघोळीचे पाणी, विहीर आणि शेततळे अशी सारी सृष्टी एकदम खुली होते. त्याच्यामागे दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसण्यास त्या घरात मोकळे कोण असते?

शिवाय तान्ह्या मुलाचा अपघात आवाज करीत नाही. वीतभरही पाणी नसलेल्या बादलीत मूल डोक्यावर पडले, तर त्याला स्वत:ला सावरता येत नाही. शरीराच्या मानाने डोके जड असते आणि हातांत बळ नसते. ओरडण्याइतकीही फुरसत त्याला मिळत नाही. शेततळ्याचे तर अधिकच. त्याचा प्लॅस्टिकचा कागद इतका निसरडा असतो, की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठावर चढता येत नाही. कीटकनाशकाला आपण सरसकट ‘औषध’ म्हणतो आणि उरलेले औषध शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून खिडकीत ठेवतो. दोन वर्षांच्या मुलाने ती बाटली तोंडाला लावली, तर त्याला दोष कसा द्यावा?

या तालुक्यात मुलाच्या जिवाची काळजी कोणाला नाही असे मुळीच नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे बिबट्याने मुलांचे बळी घेतले, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. तो संताप रास्त होता. तथापि बिबट्यासाठी पिंजरा मागणारा समाज स्वत:च्या शेतातल्या उघड्या भोकावर झाकण बसवीत नाही, ही विसंगती नजरेआड करता येणार नाही. बिबट्या बाहेरून येतो, म्हणून तो शत्रू वाटतो. बादली, बाटली आणि विहीर आपलीच असते, म्हणून तिची भीती वाटत नाही.

वास्तविक विंधनविहिरीच्या बाबतीत नियमांची वाण नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१० मध्येच स्पष्ट निर्देश दिले आहेत. विहीर घेण्यापूर्वी १५ दिवस आधी लेखी सूचना द्यावी, काम चालू असताना कुंपण व फलक असावा, नळीभोवती जमिनीच्या वर व खाली प्रत्येकी ३० सेंटिमीटर काँक्रीटचा चौथरा बांधावा, तोंडावर पोलादी झाकण पक्के करावे आणि पाणी न लागलेली विहीर तळापासून माती-दगडांनी बुजवावी, असे त्यांत सांगितले आहे. यांतील कोणतीही गोष्ट सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची नाही. ज्याला विहीर खणण्यास पैसे मिळाले, त्याला ती बुजवण्यास मिळत नाहीत, हे पटण्यासारखे नाही. गावात फसलेल्या विहिरी किती व त्यांतील उघड्या किती, याची नोंद ग्रामपंचायतीने दर उन्हाळ्यात करावी आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवावी.

घरातील धोक्यांसाठीही नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. २०१८ पासूनच्या योजनेनुसार आशा कार्यकर्ती मूल ३, ६, ९, १२ व १५ महिन्यांचे झाल्यावर घरी भेट देते. रांगण्याचा व पहिली पावले टाकण्याचा काळ नेमका हाच. वजन व आहार विचारतानाच तिने पाण्याची भांडी झाकलेली आहेत का, औषधाची बाटली कुलपात आहे का, चूल मुलाच्या हाताला लागते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ होईल. मात्र हे वाढीव काम तिच्यावर फुकट लादता कामा नये.

बांगलादेशाने या बाबतीत एक धडा घालून दिला आहे. तेथील खेड्यांत आया कामात असतात त्या सकाळच्या वेळी लहान मुलांना एकत्र सांभाळणारी ‘आंचल’ नावाची पाळणाघरे निघाली, आणि त्यांत जाणाऱ्या मुलांचे बुडून मरण्याचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. तेथे आईला उपदेश करून कोणी थांबले नाही. तिच्या कामाच्या वेळी मूल सांभाळण्याची सोय केली गेली. आपल्याकडेही खुरपणीच्या आणि ऊसतोडीच्या हंगामात अशी सोय करणे ग्रामपंचायतींना अशक्य नाही.

माणसाची नजर कितीही मायेची असली तरी ती थकते, दुसरीकडे वळते. झाकण थकत नाही. थोरांदळ्याच्या त्या रात्री जवानांना जे १६ तास झगडावे लागले, ते काम एका पोलादी झाकणाने मुळातच होऊ दिले नसते. त्या मुलाच्या सुटकेचा आनंद ज्यांना खरोखर झाला असेल, त्यांनी आज आपल्या शेतातून व घरातून एक फेरी मारावी, आणि मुलाच्या उंचीवरून सभोवार पाहावे.