घरातला सुतार आणि सभेतला समाजवाद

कामगारांच्या हक्कांची भाषा कारखान्याच्या फाटकापाशी बोलणे सोपे असते. कारण तेथे मालक दुसरा कोणीतरी असतो. तीच भाषा घराच्या उंबरठ्याच्या आत बोलणे अवघड जाते. कारण तेथे मालकाच्या जागी बोलणाराच उभा असतो. सुशिक्षित मध्यमवर्गाच्या, आणि त्यातल्या पुरोगामी म्हणवणाऱ्या भागाच्याही, समाजवादाची खरी परीक्षा घरी सुतार कामाला लागतो तेव्हा होते. या परीक्षेत बहुतेकजण नापास होतात, हे कटू असले तरी सत्य आहे.

व्यवहार कसा होतो तो पाहावा. कपाटे, पलंग, स्वयंपाकघरातील ट्रॉल्या असे काम निघते. प्लायवूडचा भाव दुकानदार सांगेल तो मान्य होतो. बिजागऱ्या, कड्या, चॅनल यांची किंमत वेष्टनावर छापलेली असते. तीही निमूटपणे दिली जाते. वास्तुसजावटकाराच्या मानधनाबद्दल चकार शब्द निघत नाही. घासाघीस उरते ती फक्त सुताराच्या चौरस फुटाच्या मजुरीपुरती. संपूर्ण खर्चात जो एकच घटक माणसाच्या घामाचा आहे, तेवढाच महाग वाटावा, याला काय म्हणावे? पुढे काम संपत आले की शेवटचा हप्ता अडतो. दार किंचित घासते आहे, पॉलिश मनासारखे नाही, अशी कारणे सापडतात. आणि सुतार चार खेपा घालून थकला की हजार-दोन हजार रुपयांवर पाणी सोडतो. कारखानदाराने हेच केले असते तर त्याला पगार बुडवणे म्हटले गेले असते. घरात त्याला ‘हिशेब मिटवणे’ म्हणतात!

यावर ठरलेले उत्तर येते: सुतारच लबाड असतात, दुकानदाराकडून कमिशन खातात, उचल घेऊन काम अर्ध्यावर टाकतात. या तक्रारी सर्वस्वी खोट्या नाहीत आणि त्या झाकण्याचे कारणही नाही. कमिशनचा बोजा अखेर गिऱ्हाइकावरच पडतो. पण उघड मजुरी जितकी पाडावी तितकी चोरवाट रुंद होते, हा साधा अर्थव्यवहार आहे. ज्याचा चरितार्थ एका कामाच्या मजुरीवर भागत नाही, तो दोन कामे एकदम पत्करणार आणि दोन्ही रखडवणार. याला इलाज पहारा ठेवण्याचा नाही. पुरेशी मजुरी, लेखी करार आणि उघड बिल हाच आहे.

मजुरीइतकाच प्रश्न प्रकृतीचा आहे. लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच दिला. प्लायवूड आणि एमडीएफच्या चिकटद्रव्यातील फॉर्माल्डिहाइडही २००४ साली तिने त्याच वर्गात घातले. तरी बंद खोलीत, नाकाला रुमाल बांधून, यंत्रकरवतीपुढे सुतार दिवस काढतो. अनेक गृहनिर्माण संस्थांत त्याला लिफ्ट वापरू देत नाहीत. शौचालयाची सोय तर कोणाच्या मनातही येत नाही. ज्याच्या हातचे कपाट दिवाणखान्यात मिरवायचे, त्याला जिन्याने पाठवायचे, ही जुनी अस्पृश्यतेचीच नवी आवृत्ती नव्हे काय?

कायदा या माणसाच्या पाठीशी आहे काय? १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने स्वतःच्या राहत्या घराचे १० लाख रुपयांपर्यंतचे काम आपल्या कक्षेबाहेर ठेवले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा ५० लाखांवर नेली. म्हणजे जवळजवळ सगळी घरगुती कामे उपकरातून सुटली. कल्याण मंडळात नोंदणी हवी तर मागील १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ज्याला आज या घरी दहा दिवस, उद्या त्या घरी पंधरा दिवस काम मिळते, त्याला तो दाखला कोण देणार?

सरकारचे उत्तर आहे विश्वकर्मा योजना. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेत सुतारासह १८ व्यवसाय आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि सवलतीच्या व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज आहे. अवजारे मिळाली तर ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु कामगाराला कर्जदार बनवणे म्हणजे त्याला हक्क देणे नव्हे. मजुरी, अपघात आणि वार्धक्य या तीन प्रश्नांना ही योजना भिडतच नाही. उलट पिढीजात धंद्याचा गौरव करताना ती बलुतेदारीवर सोनेरी मुलामा चढवते. गावगाड्यात सुताराला बलुते मिळत होते हे खरे. पण त्याचा धंदा जातीने ठरत होता आणि मोबदला देणाऱ्याच्या मर्जीने. त्या व्यवस्थेचे गोडवे गाणे समाजवाद्यांना शोभणारे नाही.

तितकेच घातक आहे ‘स्थानिक सुतारालाच काम द्या’ या घोषणेचे परप्रांतीयद्वेषात होणारे रूपांतर. राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून आलेला सुतार अर्धवट बांधलेल्या घरातच झोपून कमी दराने राबतो, तो हौसेने नव्हे. स्थानिक सुताराचा दर त्याच्यामुळे पडत नाही. दोघांचेही कंत्राट घेणाऱ्या मध्यस्थामुळे पडतो. समान दर आणि एकच संघटना, हेच याचे उत्तर आहे.

हे अशक्य आहे असे महाराष्ट्राने तरी म्हणू नये. रोज निराळ्या व्यापाऱ्याची पोती वाहणाऱ्या हमालांनाही कायमचा मालक नव्हता. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्रिपक्षीय मंडळे आणली. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात जमा होऊ लागली. मालक अनेक असूनही हमालाला भविष्यनिर्वाह निधी मिळाला. २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा करून याच राज्याने घर हेही कामाचे ठिकाण आहे, हे मान्य केले. मग सुताराचे, रंगाऱ्याचे, नळकाम करणाऱ्याचे मंडळ का होऊ नये? प्लायवूडच्या विक्रीवर अल्पशी लेव्ही बसवून त्याचा निधी का उभा राहू नये?

कायदा होईपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. पक्षाच्या प्रत्येक कार्यकर्त्याने आणि सहानुभूतीदाराने स्वतःच्या घरापुरते चार नियम पाळावेत: दर, माप आणि हप्त्यांच्या तारखा लेखी ठरवाव्यात, शेवटचा हप्ता काम संपल्यापासून सात दिवसांत द्यावा, मुखपट्टी, उघडी खिडकी, लिफ्ट आणि शौचालय यांची सोय करावी, आणि कामाच्या दिवसांची सहीनिशी चिठ्ठी सुताराच्या हाती द्यावी. एकट्या चिठ्ठीला किंमत नसेल. पण शंभर सुतारांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन महापालिकेच्या आणि कामगार आयुक्तांच्या दारात बसणे, हे संघटनेचे काम आहे. ज्या पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या घरी सुताराची मजुरी थकलेली असते, त्या पक्षाच्या मागणीपत्राला सुतार तरी का किंमत देईल?